हलकी किट कार ट्रॅकवर नेताना: खान्देशातल्या नव्या मित्रांसाठी

धुळे, भुसावळ, अमळनेर, चोपडा, कुठूनही फोन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, इंजिन कोणतं टाकू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. इंजिन राहू द्या, आधी ब्रेक सांगा. गाडी थांबायला शिकली की मग पळायचं बघू. हे मी कसं शिकलो ते पुढे येईलच.

कोणत्या गाडीबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची दोन सीटची उघडी गाडी आली. १९७३ पासून ती कॅटरहॅम बनवते. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे फायबरचं नाक, छप्पर नाही, दारं नाहीत. त्या धर्तीवर जगभर लोक सुटे भाग जोडून घरी गाड्या बांधतात, त्यांना किट कार म्हणतात. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा रोडस्टर तयार झाली, तीही फायबर बॉडीचीच. माझी गाडी मी अर्धवट सांगाड्याच्या अवस्थेत विकत घेतली आणि जळगावात शेडमध्ये पूर्ण केली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिप्सीचा, १२९८ सीसी. जिप्सी घेण्याचं कारण साधं आहे: तिचं इंजिन लांबीत बसतं आणि गिअरबॉक्समधून शाफ्ट मागे जातो. एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. सेव्हनच्या सांगाड्यात ते सरळ बसत नाही. वजनकाट्यावर माझी गाडी ६१० किलो भरली.

१. आधी कागद

ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ही गोष्ट पैसे देण्याआधी मनात पक्की करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचं मूळ स्वरूप बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. घरी बांधलेल्या एकट्या गाडीला मान्यता मिळवून एमएच १९ किंवा एमएच १८ चा नंबर घेणं आपल्यासारख्या माणसाच्या आवाक्यातलं काम नाही.

इथला सर्वात मोठा सापळा म्हणजे "जिप्सीचं आरसी बुक आहे ना, त्याच नंबरवर फिरव." असं सांगणारा एजंट तुम्हाला भेटणार. दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर या सांगाड्यावर लावणं हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

भंगारातून इंजिन घेताना हे जमवून ठेवा:

- इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
- पूर्ण गाडी घेतली असेल तर तुमच्या नावावर बदली आणि मग आरटीओत नोंदणी रद्द केल्याचा कागद
- इंजिन नंबरचा आणि सांगाड्याचा स्पष्ट फोटो, तारखेसह

बायपासवर पहाटे रिकाम्या रस्त्यावर "जरा बघून येऊ" हेही नको. वेगाची चाचणी रस्त्यावर घेण्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे, १८९. आणि पहाटे आपल्या बायपासवर उसाच्या बैलगाड्या, बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात. मी पहिली चाचणी मामांच्या शेतातल्या सारवलेल्या खळ्यावर घेतली, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता. गळती, स्टिअरिंग आणि पेडल तपासायला तेवढं पुरतं.

२. सांगाडा, बोल्ट आणि जीव

सेव्हनचा सांगाडा साधारण २५ एमएमच्या चौकोनी नळीचा, १.६ एमएम जाडीचा असतो. त्याचं वेल्डिंग ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणाऱ्याकडून करून घ्यायचा मोह होतो. त्यांचा हात बसलेला असतो, यात वाद नाही. पण तो जाड लोखंडावर बसलेला असतो. पातळ नळीला सीओटू किंवा आर्गन वेल्डिंगच हवं. आधी त्याच नळीचा तुकडा जोडायला सांगा आणि तो व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. नळी वाकली पाहिजे, जोड सुटता कामा नये.

रोल बारसाठी, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीसाठी, जीआय पाईप वापरू नका. नळाच्या पाण्याचा पाईप जीव वाचवायला बनलेला नाही, शिवाय वेल्डिंग करताना त्याच्या जस्ताचा धूर छातीत जातो. जागतिक नियमावलीत मुख्य रोल बारला बिनजोड, थंड ओढलेली नळी लागते: ४५ एमएम व्यासाला २.५ एमएम जाडी, किंवा ५० एमएमला २ एमएम. बसल्यावर हेल्मेटच्या वर किमान दोन इंच जागा राहिली पाहिजे.

बोल्टच्या डोक्यावर आकडा बघा. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट आणि बेल्ट, इथे ८.८ किंवा त्याहून वरचाच. हार्डवेअरच्या दुकानात "हाय टेन्साईल" मागा आणि तरीही डोकं तपासा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की फेकून द्या. टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळलेल्या प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून पिवळ्या पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. ट्रॅकवर दोन सेशनच्या, म्हणजे गाडी चालवायच्या पाळ्यांच्या, मधल्या वीस मिनिटांत सगळे नट आवळून बघायला वेळ नसतो, पण रेघांवरून टॉर्च फिरवायला दोन मिनिटं पुरतात.

बाकीचं झटपट सांगतो. बेल्ट चार किंवा सहा पॉइंटचा, मुदत न संपलेला, आणि त्याचे बोल्ट पत्र्यात नाही तर सांगाड्याला जोडलेल्या जाड प्लेटमध्ये. खांद्यावरचे पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे राहावेत. सीटमागे खाली जमिनीकडे बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. बॅटरी कटऑफ स्विच ट्रकच्या इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळतो. तो बाहेर उभ्या माणसाच्या हाताला लागेल असा बसवा. अग्निशामक लोखंडी पट्टीने बांधा, प्लॅस्टिकच्या नाही. हेल्मेट शक्यतो मोटार शर्यतीसाठीच्या एसए प्रतीचं घ्या, त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही. मोटारसायकलच्या हेल्मेटला ती कसोटी नसते.

३. ब्रेक: इथे वेळ घालवा

माझी पहिली खेप कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर होती. पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल दाबलं आणि ते तळाला गेलं. पायाखाली काहीच लागलं नाही, जणू पाण्यात पाय घातला. दोनदा झपझप दाबलं, थोडी पकड आली, आणि गाडी बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. हात थरथरत होते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी थांबवायच्या जागेत, येऊन ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं तर तेलात बारीक बुडबुडे.

घडलं होतं ते असं. निघायच्या घाईत मी तेल भरायला एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्याने फळीवरचा उघडा डबा काढून ओतला. तो डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) होता आणि पावसाळाभर उघडा होता. मी शेजारी उभा होतो आणि विचारलं नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरल्यावर ती हद्द १४० पर्यंत उतरते. डॉट ४ ची ताजी हद्द २३० आणि पाणी शिरल्यावर १५५. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जातं. म्हणून:

- डॉट ४ किंवा ५.१ चा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडा. उरलेलं पुढच्या वेळेला ठेवू नका.
- प्रत्येक ट्रॅक डेच्या (आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) आधीच्या आठवड्यात जुनं तेल पूर्ण काढून नवं भरा आणि हवा काढा.
- डॉट ५ आणि डॉट ५.१ नावाने जवळचे वाटतात, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते बाकीच्यांत मिसळू नका.

आता पॅड. बाजारातला नेहमीचा पॅड गावात उत्तम चालतो, ट्रॅकवर तापला की घसरतो. जास्त उष्णता झेलणारे पॅड पुढच्या चाकांना घ्या आणि ते मुरवा: वेग चढवायचा, दाबून कमी करायचा, पूर्ण न थांबता पुन्हा चढवायचा, आठ-दहा वेळा, मग थंड होऊ द्यायचं. हे खळ्यावर होत नाही. ट्रॅकवरचं पहिलं सेशन त्यासाठीच राखून ठेवा.

तिसरी गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. जिप्सी किंवा ओम्नीचे मागचे ब्रेक त्या गाडीच्या वजनाला बेतलेले असतात. ६०० किलोच्या गाडीत तेच बसवले की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा आणि पुढची चाकं किंचित आधी जाम होतील असा लावा.

तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढू नका. शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश काढा, पिटमध्ये गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी गुटका लावा.

४. आपली उष्णता, आपली धूळ

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. शेडमध्ये नीट चालणारी गाडी तिथे पाच मिनिटांत तापते. मोठा रेडिएटर घेण्याआधी हवा कुठून जाते ते बघा. सेव्हनच्या नाकातून शिरलेली हवा रेडिएटरच्या बाजूने पळून जाते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून आणि कडेला फोमची पट्टी लावून चारही बाजू बंद करा. मी एवढंच केलं आणि काटा खाली आला. नवीन रेडिएटर घ्यावाच लागला नाही. कुलंट भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला, म्हणजे अडकलेली हवा वर येते.

धुळीचं दुखणं वेगळं. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते आणि सगळीकडे शिरते. उघडा शंकूसारखा फिल्टर दिसायला छान, पण तो बॉनेटखालची गरम हवा आणि धूळ दोन्ही ओढतो. कंपनीचा कागदी फिल्टर त्याच्या डब्यासह ठेवा आणि डब्याचं तोंड पाईपने पुढे काढा. सस्पेन्शनच्या रोझ जॉइंटवर (आत गोळा फिरणारा उघडा सांधा) रबरी टोप्या चढवा. माझे पहिले चार जॉइंट एका हंगामात खडखडायला लागले, कारण शेड कच्च्या रस्त्याला लागून आहे आणि गाडी उघडी असायची. आता तिच्यावर जाड सुती खोळ असते.

पेट्रोलबद्दलही लक्ष द्या. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाईप इथेनॉलने खराब होतात, झिरपतात. इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला चालणारे पाईप नव्याने टाका. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल पाणी धरतं.

५. चार चाकांवरचं वजन

प्रत्येक चाकावर किती वजन येतं ते मोजून जुळवायचं काम मला सगळ्यात आवडतं, आणि आपल्या भागात त्याची साधनं फुकट मिळतात. शहरातले लोक यासाठी महागडे काटे मागवतात. मी सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडून एका रविवारी ३०० किलोचे चार इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे आणले.

जमीन समपातळीत हवी. चार काट्यांच्या जागा गवंड्याच्या लेव्हल पाईपने तपासा आणि जिथे खाली असेल तिथे पत्र्याचे तुकडे घाला. टायरची हवा ठरलेली, टाकी अर्धी. सीटवर स्वतःच्या वजनाची धान्याची पोती ठेवा. अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) सोडून ठेवा. गाडी काट्यांवर चढवली की बोनेटवर दोनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात.

माझे पहिले आकडे असे आले: पुढचं डावं १४८, पुढचं उजवं १७२, मागचं डावं १९६, मागचं उजवं १६६. एकूण ६८२, ७२ किलोच्या पोत्यांसह. आता कर्ण बघा: पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३६८, म्हणजे जवळपास ५४ टक्के. उरलेल्या कर्णावर ४६. कारीवर माझं पुढचं डावं चाक का जाम व्हायचं, ते कागदावर दिसलं. त्याच्यावर वजनच नव्हतं.

दुरुस्ती स्प्रिंगच्या खालच्या रिंगने होते. एका कोपऱ्याची रिंग वर फिरवली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या कर्णातल्या कोपऱ्यावर वजन वाढतं. मी पुढची उजवी आणि मागची डावी थोडी खाली घेतली, बाकी दोन तेवढ्याच वर घेतल्या, एका वेळी अर्धा आटा. दुपारपर्यंत पुढे १६१ आणि १५९, मागे १८२ आणि १८० आलं. पुढची बेरीज आणि डावीकडची बेरीज रिंग फिरवून जवळपास हलत नाही; ती बदलायची तर बॅटरीसारखी जड वस्तूच उचलून दुसरीकडे ठेवावी लागते.

यानंतरच चाकांची अलाइनमेंट करा. आधी केलीत तर पुन्हा करावी लागते.

६. टायर

पंक्चरवाला सवयीने ३२ पीएसआय हवा भरतो. एवढ्या हलक्या गाडीला ती फार होते. टायर फुगून फक्त मधल्या पट्टीवर चालतो. मी थंड टायरला २० पासून सुरुवात करतो आणि सेशननंतर लगेच गरम टायरची हवा मोजून वहीत लिहितो. स्वतःचं मीटर ठेवा, सगळीकडे तेच वापरा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसते म्हणून जुना टायर स्वस्तात घेऊ नका. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं.

७. इंजिन

थोडक्यात सांगतो. चांगल्या अवस्थेतलं मूळ इंजिन दोन हंगाम पुरे. लांब वळणात ऑइल एका बाजूला धावतं आणि पंप कोरडा पडतो, म्हणून संपमध्ये (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) आडव्या पट्ट्या टाकून घ्या आणि ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा. दिव्यावर विसंबू नका, ऑइल प्रेशरचा काटा बसवा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाईप दोन लिटरच्या डब्यात सोडा. ट्रॅकवर ऑइल सांडणं म्हणजे मागच्याचा जीव धोक्यात घालणं. दर दोन ट्रॅक डेनंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

८. कोणता ट्रॅक आणि गाडी न्यायची कशी

नव्या माणसाने कारी स्पीडवेपासून सुरुवात करावी. २.१ किलोमीटरचा, हलक्या गाडीला शोभणारा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटर, तिथे वेग खूप वाढतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर. लांब सरळ पट्ट्यावर छोटं इंजिन नुसतं ओरडत राहतं. धुळ्याहून सेंधव्याच्या वाटेने पीथमपूर जवळ आहे, पण तिथलं नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे. कोणी आयोजकाने रीतसर दिवस घेतला असेल तरच तिकडे जायचं.

छोटा हत्तीत ही गाडी मावत नाही. १४ फुटी आयशर घ्या. अजिंठा चौफुलीला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे दोन आठवडे आधी चौकशी केली की रिटर्न गाडी कमी भाड्यात मिळते. पट्टे चाकांवरून बांधा, सांगाड्यावरून नाही. नाहीतर खड्ड्यांत स्प्रिंग दबून पट्टे ढिले होतात.

सोबतचे कागद:

- ड्रायव्हिंग लायसन्स आणि आधार
- इंजिनचं बिल, सांगाड्याचं बिल, दोन्हींचे फोटो
- ट्रॅक डेची नोंदणी पावती
- रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद, एक खिशात, एक गाडीत
- स्पर्धेत उतरणार असाल तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटार शर्यतींची संघटना) लायसन्स. साध्या ट्रॅक डेला काय लागतं ते आयोजकाला लेखी विचारा

नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. त्यामुळे गाडीचं नुकसान आपल्याच खिशातून जातं हे धरून चला, आणि स्वतःच्या अपघात विम्यातही हीच अट आहे का ते वाचा.

पेटीत टॉर्क पाना, हवेचं मीटर, ब्रेक ऑइलचे दोन सीलबंद डबे, हवा काढायची पारदर्शक नळी, सुटे नायलॉक, पॅडचा जादा सेट, होज क्लिप, फॅन बेल्ट, बाइंडिंग तार आणि पेंट मार्कर.

९. ट्रॅकवरचा दिवस

आदल्या रात्री पोहोचा. स्क्रूटनीत, म्हणजे गाडीच्या तपासणीत, अडवलं तर वाद घालू नका. तपासणारा माणूस तुमच्या बाजूचाच आहे. ब्रीफिंगला झेंडे पाठ करा: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे वेग कमी करून पिटमध्ये, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, काळा तुम्हाला दाखवला तर आत या.

पहिल्या सेशनमध्ये पाच फेऱ्या, त्याही सत्तर टक्क्यांनी. आत येऊन चाकांचे नट पुन्हा टॉर्क करा, कारण तापून थंड झाल्यावर ते सैल होतात. रेघा बघा, गळती बघा, टायर मोजा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. थकवा आला की तो दिवस तिथेच संपवा; शेवटच्या "फक्त दोन फेऱ्या" मध्येच बहुतेक जण चुकतात.

१०. घरी परतल्यावर

गाडी उतरवली की झोपायच्या आधी तासभर द्या. तेव्हा सगळं ताजं आठवतं. सांगाड्याचे जोड कपड्याने पुसून वेल्डच्या कडेला केसासारखी चीर दिसते का ते टॉर्चने बघा, विशेषतः पुढच्या विशबोनच्या (चाक सांगाड्याला जोडणारी तिकोनी दांडी) टोकांपाशी आणि बेल्टच्या प्लेटपाशी. चाक वर उचलून वर-खाली आणि डावं-उजवं हलवा; वर-खाली खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, फक्त डावं-उजवं तर स्टिअरिंगचा टाय रॉड. पॅडची जाडी मोजा आणि निम्म्यावर आली असेल तर नवे मागवा. ऑइल फिल्टर उभा कापून आतल्या कागदावर चमकणारा कण आहे का ते बघा.

वहीत तारीख, ट्रॅक, हवामान, फेऱ्या, टायरची हवा आणि बदललेला प्रत्येक भाग लिहा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडीवर खोळ घाला.